चौथ्या मजल्याचं दार

आमच्या धंद्यात कौतुकाचा फोन येत नाही. फोन वाजला की समजायचं, कुठेतरी काहीतरी अडकलंय, आतून कुणीतरी दार बडवतंय, किंवा कुणाला तरी तीन जिने चढावे लागलेत आणि त्या तिन्ही जिन्यांचा राग त्याला माझ्यावर काढायचाय. तेवीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीत काढल्यावर एवढं तरी कळतं. म्हणून त्या सकाळी एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टच्या टपावर उकिडवा बसून मी रुळांना तेल लावत असताना खिशातला फोन वाजला, पडद्यावर 'चौथा मजला काकू' अशी अक्षरं आली, आणि माझा तेल लावणारा हात थांबला. एकोणीस दिवस हा फोन येऊ नये म्हणून मी जीव मुठीत धरून होतो. "झालं," मी मोठ्यांदा म्हणालो. त्या अंधारात ऐकायला कुणी नव्हतं. पण काकूंचा आवाज आला तो हसरा. "अहो, तुमचे आभार मानायचे होते. काय केलंत हो त्या लिफ्टला? इतकी छान कधी चाललीच नव्हती. आधी दार दहादा आपटावं लागायचं, तेव्हा कुठे बाईसाहेब हलायच्या. आता दार नीट नाही लागलं तरी चालते. आणि आमचे हे आता एकटे खाली जातात, ठाऊक आहे? दिसत नाही फारसं, पण दार ओढतात आणि पाऊल टाकतात. म्हटलं, तुम्हाला सांगायलाच हवं." यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बरं झालं." मग फोन खिशात ठेवला आणि ज्या रुळाला तेल लावून झालं होतं त्यालाच पुन्हा लावायला लागलो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं होतं, तेही मी केलेल्या सगळ्यात वाईट कामाबद्दल.

ते काम असं. लिफ्टच्या प्रत्येक मजल्याच्या दाराला एक लॉक असतं, मुठीएवढी डबी. लिफ्ट त्या मजल्यावर नसेल तर दार उघडू द्यायचं नाही, हे तिचं एक काम. दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्टला हलू द्यायचं नाही, हे दुसरं. काकूंच्या मजल्यावरची ती डबी झिजून गेली होती. आतली जीभ अडकत नव्हती, स्विच जुळत नव्हता, त्यामुळे लिफ्ट सारखी बंद पडायची. नवी डबी मागवली तर कळलं की ती बनवणं बंद झालंय, कुठल्या तरी गोदामात असेल तर शोधून पाठवतो. मी नियमाप्रमाणे लिफ्ट बंद केली, पाटी लावली आणि घरी आलो. तीन दिवस ती बंद होती. त्या तीन दिवसांत काकूंच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात जायचं होतं, आठवड्यातून तीनदा जावं लागतं त्यांना. एकदा खुर्चीत बसवून दोघांनी खाली उतरवलं आणि दुसऱ्या वळणावर खुर्ची कलंडता कलंडता राहिली. दुसऱ्या वेळी उचलायला माणसंच मिळाली नाहीत, वारी चुकली, पाय सुजून मडक्यासारखे झाले. काकू फोनवर रडल्या. मग आमच्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. साहेब माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहेत, त्यामुळे मला अहो-जाहो करतात, आणि ते अहो-जाहो मला शिवीपेक्षा जास्त लागतं. "तुम्ही सिनियर आहात, तुम्हाला मी काय सांगायचं? जंपर टाका आणि चालू करा. चार-दोन दिवसांचा प्रश्न आहे. पार्ट येतोच आहे."

जंपर म्हणजे वीतभर वायर, दोन्ही टोकांना चिमटे. वर मशीनरूममध्ये पॅनेल उघडायचं, त्या दाराच्या दोन तारांवर दोन चिमटे लावायचे, की लिफ्टला वाटतं दार लागलेलंच आहे. दुरुस्ती करताना आम्ही दिवसातून दहा वेळा लावतो आणि दहा वेळा काढतो. लावून निघून जायचं नाही, एवढाच नियम. मी लावला, पॅनेलचं झाकण बंद केलं आणि निघून आलो. जिन्याने उतरताना आपण एका आजारी माणसाची सोय केली असं मला वाटतसुद्धा होतं. खालच्या चौकात पोचेपर्यंत ते वाटणं संपलं. कारण आता चौथ्या मजल्यावरचं ते दार दोन हिसके दिले की कधीही उघडणार होतं, समोर लिफ्ट असो की नसो. आणि जिथे लिफ्ट नसते तिथे चार मजले खोल काळोख असतो.

नंतरचे दिवस मी काय केलं? फार काही केलं, आणि त्यातलं एकही कामाचं नव्हतं. साहेबांना सहा वेळा विचारलं. "पार्टचं काय झालं?" "फॉलोअप चालू आहे." "तोवर बंद करू का लिफ्ट?" "तुम्ही फार विचार करता." मेसेज पाठवले, त्यांच्याखाली निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. आणि घरी मी दारं बघायला लागलो. निघताना कडी ओढून बघायची. दोन पायऱ्या उतरायच्या, परत यायचं, पुन्हा ओढून बघायची. मग गॅसची कळ. मग खिडकीचा बोल्ट. मग गॅसची कळ बघताना दाराकडे पाठ होती, तेवढ्यात कडी निघाली तर नसेल म्हणून पुन्हा दार. हात दुखायला लागला. पहिल्यांदा बायको हसली. "लिफ्टवाल्याला जिना आवडायला लागलाय, चार वेळा चढतोय." आठवड्याने हसायची थांबली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली की डॉक्टरांना दाखवून या, निदान झोपेची गोळी तरी देतील. मी तिला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने साधा प्रश्न विचारला असता, मग तो जंपर काढत का नाही, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. काढला तर काका जिन्यावरून जाणार, ठेवला तर शाफ्टमधून, त्या चार मजली काळोखातून. या दोन्हींच्या मधे मला जागाच दिसत नव्हती, आणि जागा दिसत नाही याचा मला एवढा संताप येत होता की बायकोने भाजीत मीठ कमी घातलं तरी मी भांडी आपटायचो. साहेबांवर आपटायला मिळत नव्हतं ना.

त्यात वस्ताद आठवायचे. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते वस्ताद, बुटके, तोंडात सदान्कदा लवंग धरणारे. मी कामाला लागून वर्ष झालं असेल. एकदा जंपर काढायला विसरलो. वस्ताद मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या इमारतीची लिफ्ट बंद करवली, सहाव्या मजल्याचं दार उघडलं, माझ्या कमरेला दोर बांधला आणि मला उंबऱ्यावर बसवलं, पाय आत सोडून. "बस. खाली बघ." दोन तास. खालून गार हवा येत होती, तिला तेलाचा आणि कुजलेल्या पाण्याचा वास होता, आणि कुठूनतरी थेंब पडत होता तो पडल्याचा आवाज फार उशिरा यायचा. पहिला अर्धा तास भीती वाटली, मग लाज वाटली, मग पायांना मुंग्या आल्या आणि भूक लागली. दोन तासांनी वस्ताद आले, मला उठवलं आणि म्हणाले, "आता विसरशील?" नाही विसरलो. गेली बावीस वर्षं एकदाही विसरलो नाही. पण मला आता त्यांच्यावरच राग येत होता. सोपं होतं तुमचं, वस्ताद. विसरलेल्या जंपरचं काय करायचं ते शिकवलंत. जो क्षणभरही विसरता येत नाही त्याचं काय करायचं, ते का नाही शिकवलंत? तुमच्या काळी साहेब नव्हते का? का तुम्हीही कुठेतरी एखादा टाकून ठेवला होता, आणि मला उंबऱ्यावर बसवून स्वतः कुठेतरी लवंग चघळत दार ओढून बघत होतात?

काकूंचे आभार ऐकले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी कडी नवव्यांदा ओढली. बायको आतून आली, माझा हात कडीवरून काढला, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आपलं दार लागलंय. मी आहे घरात. जे लागलेलं नाही, तिकडे जाऊन बघा एकदा." तिला काय माहीत होतं? काहीच नाही. वैतागून बोलली होती. पण मी चपला घातल्या आणि कचेरीच्या इमारतीकडे जाण्याऐवजी तडक काकूंच्या इमारतीकडे गेलो. काय करणार होतो ते ठरवलं नव्हतं. ठरवायला गेलो असतो तर पुन्हा साहेबांना मेसेज केला असता.

जिन्याने चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा लिफ्ट तळाला होती. दाराच्या काचेतून खाली टपावरचा दिवा दिसत होता, बारीक, विहिरीत पडलेल्या भांड्यासारखा. मी दम खात उभा होतो तेवढ्यात काकूंचं दार उघडलं आणि काका बाहेर आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, दवाखान्याची फाइल काखेत. त्यांनी मला पाहिलं नाही. भिंतीला हात लावत लावत, पावलं मोजत आल्यासारखे ते थेट लिफ्टपाशी आले, चाचपून मूठ पकडली, बटणाकडे हातही नेला नाही, आणि ओढली. पहिल्या हिसक्याला दार थरथरलं. मी पुढे झालो आणि पंजा दारावर दाबून धरला. त्यांनी दुसरा हिसका दिला. आजारी माणूस, पण हाताला अजून जोर होता. मी खांदा लावला. दोघंही ओढत आणि दाबत होतो, आणि त्या काचेपलीकडे काहीही नव्हतं. "अडकलंय वाटतं," काका म्हणाले. "हो," मी म्हणालो, "अडकलंय." ते दचकले. "कोण? लिफ्टवाले? मग बरं झालं. मला साडेदहाला पोचायचंय हो." मी बटण दाबलं, लिफ्ट वर आली, मी तिला पाहिलं, दोनदा पाहिलं, मग दारावरचा हात काढला. काकांना आत घेऊन खाली रिक्षापर्यंत सोडलं. रिक्षात बसताना ते म्हणाले, "तुमच्यामुळे या वयात मोकळा झालो बघा." मला रिक्षाच्या चाकाखाली डोकं घालावंसं वाटलं.

परत वर आलो आणि पुन्हा त्या दाराला पंजा लावून उभा राहिलो. कुणी येत नव्हतं, तरी. असं किती वेळ उभं राहणार? संध्याकाळपर्यंत? पार्ट येईपर्यंत? हा हात इथे कायमचा ठोकून ठेवता आला तर, असं मनात आलं, आणि पाठोपाठ, हात कशाला, लोखंडी पट्टी ठोकता येते. चार बोल्ट आणि एक पट्टी, की हे दार कुणाच्या बापाला उघडणार नाही. पण हे दार तर काकांना हवंय. कुणाला नकोय असं एखादं दार आहे का या इमारतीत? मी वर बघितलं. सातवा मजला. सातव्यावर कुणी राहत नाही. तिथे पाण्याची टाकी आहे, गच्ची आहे आणि कुलूप आहे. तिथलं दार वर्षातून दोनदा उघडतं, आणि तिथली डबी नव्यासारखी आहे, कारण तिला कुणी हात लावलेला नाही. मी जिन्यातच खाली बसलो आणि मला हसू येईना की रडू येईना. वीस दिवस! शिकाऊ माणसालाही दहा मिनिटांत सुचेल अशी गोष्ट, आणि मी तेवीस वर्षांचा सिनियर, घरचा गॅस तपासत बसलो होतो. सगळं डोकं मी परवानगी मागण्यात आणि घाबरण्यात खर्च केलं होतं. लिफ्टचा विचार करायला त्यात जागाच उरली नव्हती. स्वतःचा एवढा राग आला की मांडीवर बुक्की मारून घेतली.

साहेबांना मेसेज लिहिला. आजवरचे सगळे मेसेज प्रश्न होते. हा नव्हता. 'सातव्या मजल्याचं लॉक काढून चौथ्याला लावतोय. सातव्याचं दार पट्टी ठोकून कायमचं बंद करतोय. चौथ्याचा जंपर काढतोय. नको असेल तर बाराच्या आत लेखी कळवा.' दोन निळ्या खुणा आल्या. मग 'लिहीत आहेत' असं दिसलं. मग ते गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मी बघत राहिलो आणि मला पहिल्यांदाच त्यांची थोडी कीव आली. तोंडाने 'टाका' म्हणणारा माणूस हाताने 'ठेवा' लिहू शकत नव्हता. बाराला मी मेन स्विच पाडला. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडून पट्टी कापून आणली होती. काम तीन तासांचं. डबी बसली, जीभ खटकन अडकली, मी दार बाहेरून पन्नास वेळा ओढलं आणि त्या पन्नास वेळांचा काहीतरी उपयोग होता. फक्त सातव्याची डबी गेल्यामुळे तिथल्या तारांवर एक जंपर ठेवावाच लागणार होता. दार ठोकलेलं, धोका काही नाही, पण पॅनेलचं झाकण लावलं की तो पुन्हा कुणाला दिसणार नाही, हे मला सोसवेना. म्हणून मी दोन मीटर लाल वायर घेतली, तिला चिमटे लावले, आणि ती सगळी बाहेर लोंबत ठेवली. झाकण लागेना. लागू नये हाच तर बेत होता. त्यावर चिठ्ठी बांधली: तारीख, कारण, माझी सही.

याचं कुणी कौतुक केलं म्हणता? चौथ्या दिवशी काकूंचा फोन, "अहो, पुन्हा बिघडली वाटतं तुमची लिफ्ट. दार जरा कमी लागलं की हलतच नाही." मी म्हणालो की काकू, ती सुधारली आहे. त्यांना पटलं नाही. "आधी किती छान चालायची," म्हणाल्या, आणि काकांसाठी दार लावायला आता स्वतः सोबत जावं लागतं, याचा दोष माझ्या माथी मारून फोन ठेवला. साहेबांनी बोलावून विचारलं, पॅनेल उघडं का ठेवलं, बाहेरचा माणूस बघेल तर काय म्हणेल. मी म्हणालो, बघू दे. त्यांनी मला महिनाभर गोदामात टाकलं, सामान मोजायला. आणि गंमत म्हणजे घरची कडी मी अजूनही ओढून बघतो. नऊ वेळा नाही, तीन वेळा. बायको मोजते.

गोदामात लाल वायरचं अख्खं भेंडोळं पडलेलं होतं. काम काही नव्हतं, हात स्वस्थ बसत नव्हते, राग तर होताच. मी दोन-दोन मीटरचे तुकडे करायला लागलो. चिमटे दाबायचे, टोकं झाळायची, ओढून बघायचं. पहिल्या आठवड्यात वीस झाले. शनिवारी सकाळी सगळे मेकॅनिक आठवड्याचं सामान न्यायला येतात, सात जण. मी ते वीस लाल जंपर खिळ्यांवर टांगून ठेवले होते. रेडिओने आत येताच हसायला सुरुवात केली. रेडिओ म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बोलायला लागला की कुणाला बंद करता येत नाही, म्हणून हे नाव. "अरे, हे काय? साड्या वाळत घालायच्यात का? एवढा लांब जंपर? झाकण कसं लागणार याला?" सगळे हसले. मी म्हणालो, "नाहीच लागणार. दुरुस्ती करून काढून घेतलात तर लागेल. ठेवून आलात तर उघडं राहील, आणि जो येईल त्याला दिसेल." कुणीतरी म्हणालं की साहेब फाडून खातील. कुणीतरी म्हणालं की वीतभराचाच बरा, खिशात मावतो. रेडिओ माझ्या गोदामातल्या राज्याभिषेकावर एक लांबलचक नक्कल करत होता, चहा आला, चहा संपला, सगळे आपापलं सामान पिशव्यांत भरून बाहेर पडले. कुणी एकालाही हात लावला नाही. मी वहीत डबे मोजायला बसलो, आणि मला वाटलं, मरा तिकडे.

कुणाची तरी सावली पडली म्हणून वर बघितलं, तर दारात रेडिओ. पिशवी बाहेर ठेवून परत आला होता. आत येईना, जाईना. खिळ्यांकडे बघत राहिला. आठ-दहा वर्षांत मी त्याला इतका वेळ गप्प पाहिलेला नव्हता. मग तो घसा खाकरून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाच दे."

"पाच कशाला?" मी विचारलं. "एक पुरतो की."

"पाच लागतील," तो म्हणाला. बोटं मोजत होता, एकेका इमारतीवर थांबत. चौथ्या बोटापाशी त्याचा अंगठा अडखळला. मग त्याने दुसरा हात काढला. "थांब. सात."

मी उठलो आणि खिळ्यावरून एक-एक काढून त्याच्या हातात द्यायला लागलो.